सहा सारख्या खुर्च्या

बैलगाडीचं चाक जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकलं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, आणि बोरस्ते सर अकराला येणार होते. वरून दादा ओढत होता, खालून मी ढकलत होतो आणि मधल्या पायरीवर उभ्या राहून नलिनीवहिनी आम्हाला चाकाचं महत्त्व पटवून देत होत्या. असं चाक अख्ख्या सिडकोत कुणाच्या हॉलमध्ये नसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. हॉलमध्ये बैल मावत नाहीत म्हणून नसेल, असं मी म्हटलं. दादाला हसू आलं, त्याचा हात सुटला आणि चाक माझ्या अंगठ्यावर आलं. लग्न ठरायच्या दिवशी लंगडणारा मुलगा सहसा कुणाच्या पाहण्यात नसतो. तेवढं वेगळेपण माझ्यात फुकटात आलं.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. तिथे प्लॅस्टिकचं सामान व्हायचं, खुर्च्या, बादल्या, मग, डबे. माझं काम एवढंच, की दहा हजार मगांतला एकही मग दुसऱ्यापेक्षा वेगळा निघू नये. निघालाच तर मी त्याच्यावर लाल फुली मारायचो आणि तो परत दळायला जायचा. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला ते मनापासून आवडायचं.

माझं दोन खोल्यांचं घरही तसंच होतं. सहा खुर्च्या, सहा ताटं, सहा वाट्या, सहा पेले, सगळं आमच्याच कारखान्यातलं. निळ्या पानांचे पडदे होते, ते आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी चार घरांत होते. भिंतीवरचं पांढरं घड्याळ तर बहुतेक सगळ्या नाशकात होतं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर ते दिसलं की मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं. डब्याचं झाकण हरवलं तर दुकानात जाऊन अगदी तसंच झाकण आणता यायचं. आमचे आईवडील लवकर गेले, दादा-वहिनींनी मला वाढवलं. हरवलेली गोष्ट जशीच्या तशी परत मिळते, याचं मला फार अप्रूप होतं.

पण बोरस्ते सरांपुढे हे सगळं चालणार नव्हतं. सर निफाडला चित्रकलेचे शिक्षक होते आणि त्यांचं घर पाहायला लांबून लोक यायचे. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्या घराचा फोटो छापून आला होता आणि वहिनींनी तो कापून पर्समध्ये ठेवला होता. दुसऱ्या कुणाच्या घरात असेल अशी एकही वस्तू आपल्या घरात नको, हा सरांचा नियम. त्यांची मुलगी ज्योत्स्ना, तिला बघायला आम्ही पंधरा दिवसांपूर्वी गेलो होतो.

तिथे मला बसायला जुन्या नांगराचं आसन मिळालं. त्याचा कोन असा, की माणूस हळूहळू पुढे घसरत यजमानांच्या पाया पडायच्या बेतात यायचा. चहा नारळाच्या करवंटीत आला. करवंटी खाली ठेवली की कलंडते, म्हणून कढत चहा संपेपर्यंत ती हातातच धरायची. पोहे आले ते कुंभाराने एकेक करून घडवलेल्या वाडग्यांतून. दादाच्या वाडग्यात चौघांचे पोहे मावले होते आणि माझ्या वाडग्यात तीन शेंगदाणे आणि एक मिरची.

मग आम्हा दोघांना दहा मिनिटं बोलायला परसात पाठवलं. ज्योत्स्ना तिथल्या शाळेत क्लार्क होती. सावळी, उंच, बोलताना थेट बघणारी. मला ती बघताक्षणी आवडली आणि त्यामुळे मला एक वाक्य धड सुचेना. शेवटी तिनेच विचारलं, तुमच्या घरी काय काय आहे? मी घाबरून खरं ते सांगून टाकलं. सहा खुर्च्या म्हणालो, सहा ताटं म्हणालो.

"सहाही सारख्या?" तिने विचारलं.

"हो. एकात एक बसतात."

"आणि वाट्या?"

"त्याही."

ती "बरं" म्हणाली आणि खाली बघू लागली. परतीच्या एस्टीत मी हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. असल्या घरच्या मुलीला तुम्ही प्लॅस्टिकच्या वाट्या सांगून आलात, भाऊजी, आता त्यांचा निरोप येतो कशाला, असं म्हणून त्या घोटीपर्यंत बोलल्या नाहीत. आम्हाला घोटीला जायचं नव्हतं. रुसव्याच्या भरात आमच्यापैकी कुणी नाशिकला उतरलंच नाही.

पण निरोप आला. सर, त्यांच्या पत्नी काकू आणि ज्योत्स्ना रविवारी घर बघायला येतील, घर मनास आलं तर तिथेच सुपारी फोडू. सुपारी फुटली म्हणजे लग्न पक्कं. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं, की त्याच्या घड्या फाटल्या. वहिनींनी मात्र पत्र एकदाच वाचलं आणि पदर खोचला.

आठ दिवसांत त्यांनी कुठून काय आणलं, ते त्यांचं त्यांना माहीत. त्यांच्या माहेरच्या गोठ्यातली गव्हाण आली. सागवानी, सहा फूट लांब, गुरांनी चाटून चाटून गुळगुळीत केलेली. तिच्यात गोधड्या टाकल्या की सोफा. भाकरीचं पीठ मळायची लाकडी काथवट आली, ती पालथी घातली की स्टूल. एक पाळणा आला. तो छताच्या हुकाला टांगून वहिनींनी त्यात माझी पुस्तकं ठेवली. लग्न न झालेल्या माणसाच्या घरात पाळणा कशाला, लोक काय समजतील, असं दादाने विचारून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, हेच तर वेगळेपण. शेवटी त्या रविवारी सकाळी चाक आलं. विटांवर आडवं ठेवलं की टीपॉय. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला जागा लागते. ते चाक ठेवल्यावर हॉलमध्ये माणसाने भिंतीला पाठ घासत चालावं एवढीच वाट उरली.

माझं सगळं सामान बाथरूममध्ये गेलं. खुर्च्या एकात एक, त्यांच्यावर ताटं, वाट्या, पेले, पडद्यांची घडी, सगळ्यांत वर घड्याळ. दाराला वहिनींनी बाहेरून कडी घातली आणि सरांची पावलं वळेपर्यंत कुणी ती काढायची नाही असं बजावलं. मी आंघोळ शेजाऱ्यांकडे केली.

अकराला सर आले. उंच, खादीचा झब्बा, खांद्यावर शबनम पिशवी. मागे काकू, बुटक्याशा, नऊवारी नेसलेल्या, बोलायच्या आधी नवऱ्याकडे बघणाऱ्या. त्यांच्या मागे ज्योत्स्ना. सरांनी उंबऱ्यातूनच चाक पाहिलं आणि हात जोडले. मला वाटलं मला, म्हणून मीही जोडले. ते चाकाला होते.

"विलासराव," ते म्हणाले, "मी काय समजत होतो आणि हे काय आहे."

मग ते घरभर हिंडले, म्हणजे भिंतीला पाठ घासत हिंडले. गव्हाणीवरून हात फिरवला. पाळण्यातून एक पुस्तक काढलं, पाळणा झुलला, सरांच्या कपाळाला लागला, तरी ते खूश. काथवटीवर बसले तेव्हा ती डुलायला लागली, तर सर म्हणाले, ही वस्तू जिवंत आहे. वहिनींचा चेहरा लग्नातल्या समईसारखा उजळला होता. त्यांनी चहा आणला, सरांना धान्याच्या मापट्यात, काकूंना लोटीत, दादाला देवाच्या पंचपात्रात. दादाला तीनदा भरून घ्यावा लागला.

काकू गव्हाणीच्या कडेवर बसल्या होत्या. आत बसलं तर गोधड्यांत खोल जायला व्हायचं आणि बाहेर नुसतं डोकं उरायचं, म्हणून कडेवर. एका हाताने कड धरलेली, दुसऱ्या हातात लोटी. ज्योत्स्ना बसलीच नाही. दाराशी उभी राहून ती चाकाकडे बघत होती, मग काथवटीकडे, मग पाळण्याकडे, आणि वस्तूगणिक तिचा चेहरा आणखी पडत होता. मी तेवढंच बघत होतो. सरांच्या कौतुकाकडे माझं लक्षच लागेना.

सरांनी शबनममधून सुपारी काढली. हळदकुंकू लावलेली, रुमालात बांधलेली. ते म्हणाले, माझ्या मुलीला तिच्याजोगं घर मिळालं, आता उशीर नको. मग केवळ रीत म्हणून त्यांनी मुलीकडे बघून विचारलं, तुझी काही हरकत नाही ना?

"आहे," ज्योत्स्ना म्हणाली.

हॉलमध्ये नुसती काथवट डुलल्याचा आवाज येत राहिला. मग सरांनी पाय रोवून तीही थांबवली.

ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण आवाज साफ होता. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. सहा खुर्च्या आहेत म्हणालात. कुठे आहेत?"

वहिनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी नको नको म्हणत होत्या. सर म्हणाले, कसल्या खुर्च्या? मला एवढं कळत होतं, की खरं सांगितलं तर सर उठून जातील आणि नाही सांगितलं तर ती जाईल. तिच्या तोंडावरून दिसत होतं, ती गेली तर परत येणार नाही. आणि तिच्यासारखी दुसरी दुकानात मिळणार नव्हती.

"बाथरूममध्ये," मी म्हणालो.

मी लंगडत गेलो आणि कडी काढली. ज्योत्स्ना माझ्या मागोमाग आली. आत पाऊल टाकून ती उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत तो ढीग बघत राहिली. मग तिने घड्याळ उतरवून माझ्या हातात दिलं. पडदे खांद्यावर टाकले. सहा वाट्या घेतल्या, एकेक करून नळाखाली ओळीने मांडल्या आणि पुन्हा एकीवर एक ठेवल्या. बसल्या. पुन्हा काढल्या, पुन्हा ठेवल्या.

"आमच्या घरात कुठल्याही दोन वाट्या एकमेकींवर बसत नाहीत," ती मला म्हणाली. "रोज भांडी घासते मी आणि मग ती ठेवताना रडायला येतं. परसात तुम्ही म्हणालात ना, एकात एक बसतात, तेव्हाच मी ठरवलं होतं. आणि आज इथे येऊन बघते तर आमचंच घर."

मी ते घड्याळ पोटाशी धरून उभा होतो. मी जे लाजून लपवून ठेवलं होतं, तेवढ्यासाठीच ती आली होती.

खुर्च्या हॉलमध्ये न्यायला जागाच नव्हती. तिथे चाक होतं. म्हणून तिने त्या बाथरूममध्येच मांडल्या. चार मावल्या, दोन एकात एक घालून कोपऱ्यात राहिल्या. एका खुर्चीवर ती बसली. काय चाललंय ते बघायला काकू आल्या, तिने त्यांना हात धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. दादाला पंचपात्रातून सुटका हवीच होती, तो आला. सगळे आत गेले म्हटल्यावर वहिनीही आल्या आणि बादलीशेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसल्या. मी मोरीच्या कठड्यावर. सर दारात उभे राहिले, कारण आत जागा नव्हती आणि असती तरी ते आले नसते.

ते ओरडले नाहीत. फार दुखावलेल्या आवाजात त्यांनी मला विचारलं, विलासराव, ही खुर्ची देशात लाखो घरांत असेल. हिच्यात तुमचं काय आहे?

मला वाद घालता येत नाही. मला खुर्ची तपासता येते. मी कोपऱ्यातली एक खुर्ची उलटी केली आणि बुडाशी असलेली खूण त्यांना दाखवली. ही माझी खूण आहे म्हणालो. मशीनने केली, पण मी बघितल्याशिवाय बाहेर पडली नाही. चारही पाय सारखे मोजले आहेत, ही डुलणार नाही. आणि पाठ बघा, जराशी मागे कललेली आहे. माणूस टेकला की खांदे आपोआप सैल पडावेत म्हणून. तो कोन थोडा जरी चुकला तर मी फुली मारतो.

"कुणासाठी एवढं?" सर म्हणाले. "कोण बसणार ते तुम्हाला माहीतसुद्धा नसतं."

"नसतं. म्हणून तर सगळ्याच नीट कराव्या लागतात."

सरांनी ती खुर्ची हातात घेतली. चित्रकाराचीच बोटं ती, पाठीच्या कलावरून एकदा वर गेली, एकदा खाली आली. मग त्यांनी खुर्ची खाली ठेवली आणि मुलीला विचारलं, तुला हेच हवं आहे?

ज्योत्स्ना हो म्हणाली.

"मग माझी ना नाही," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात हरल्याचं दुःख होतं, पण शब्द पक्का होता. त्यांनी रुमालाची गाठ सोडून सुपारी काढली. वहिनींच्या जिवात जीव आला. त्या बत्ता आणायला उठल्या. सुपारी बाथरूममध्ये फोडावी की नाही यावर दादा काहीतरी शास्त्र सांगणार होता, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा जरा."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खुर्चीत पूर्ण मागे टेकल्या होत्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाय पुढे सोडलेले, डोळे अर्धे मिटलेले. घरात आल्यापासून त्यांचं हे पहिलंच वाक्य.

"अहो, एवढ्यात नका फोडू सुपारी," त्या म्हणाल्या. "एकदा फुटली की हे लेकीचं घर झालं. आपल्या घराण्यात नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी पाणी पीत नाहीत, की टेकत नाहीत. मला अजून थोडं बसू द्या."

सरांना ते कळेना. ते म्हणाले, "अगं, मग घरी काय बसायला जागा नाही का?"

"बसायला आहे," काकू म्हणाल्या. "टेकायला नाही. अठ्ठावीस वर्षं झाली."

त्या रागाने बोलल्या नाहीत. बाजारात कोथिंबीर मिळाली नाही असं सांगावं तसं बोलल्या. सर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. ज्योत्स्नाने आईचा हात हातात घेतला. मग सरांनी सुपारी पुन्हा रुमालात ठेवली, रुमालाला गाठ मारली आणि म्हणाले, सावकाश होऊ दे.

सुपारी फुटली तेव्हा पाच वाजून गेले होते. तोपर्यंत काकूंनी आमच्याकडे दोनदा चहा घेतला, एकदा जेवण केलं आणि चार पेले पाणी मागून घेतलं, सगळं त्याच खुर्चीत, मागे टेकून. मधे त्यांना तासभर झोपही लागली. सर तोवर चाकावर बसून होते.

लग्नाआधी मी कारखान्यातून एक नवी खुर्ची घेतली, ती एस्टीच्या टपावर टाकून निफाडला नेली आणि काकूंना म्हणून दिली. आमच्या घरातली, म्हणजे लेकीच्या घरची वस्तू त्यांना चालली नसती. सरांनी ती माझ्या हातून दोन्ही हातांनी घेतली. त्या घरात तशी दुसरी नव्हती. त्यांनी ती आदराने दर्शनी भिंतीवर, जमिनीपासून सहा फुटांवर टांगली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्या पाठीचा कल समजावून सांगू लागले.

त्यानंतर काकू आमच्याकडे यायच्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून लेकीशी बोलायच्या, आतल्या खुर्च्यांकडे एकवार बघायच्या आणि शेवटची एस्टी गाठायच्या. दोन वर्षं चार महिने असं चाललं. मग आमची मुलगी झाली. बारा दिवसांची असताना काकू तिला बघायला आल्या. ज्योत्स्ना बाळाला घेऊन दारापर्यंत गेली. काकूंनी उंबरा ओलांडला, बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, पुढे जाऊन खुर्चीत बसल्या, नीट मागे टेकल्या आणि मग म्हणाल्या, "आता दे तिला."